जोडीदार दूर असताना



खताबियाण्यांविषयी आपण मोकळेपणाने बोलतो, या गोष्टीविषयी मात्र बोलत नाही. पेडणे-डिचोलीच्या काही घरांतला कर्ता पुरुष बोटीवर किंवा आखाती देशात असतो आणि कित्येक महिने पती-पत्नीची भेट होत नाही. काही घरांत दोघे एकाच छपराखाली असूनही आजारपणामुळे वा अबोल्यामुळे दूर असतात. मग चिडचिड होते, झोप लागत नाही. शरीराची ही ओढ म्हणजे पाप नव्हे. ती परमेश्वराची देणगी आहे, असे पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात म्हटले आहे.

आधी एक भीती सोडा. झोपेत वीर्य गेल्याने अशक्तपणा येत नाही. शरीर ते सतत तयार करीत असते. या खोट्या भीतीला डॉ. विग यांनी १९६० साली ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. म्हणून ‘धातुपुष्टी’च्या पुड्यांवर पैसा घालवू नका.

आता उपाय पाहू.

१. बोला. फोनवर केवळ पैशांचा हिशेब नको. आठवण येते, हेही एकमेकांना सांगा.

२. शरीर थकू द्या. कुळागरातले काम, चालणे, फुटबॉल यांमुळे मनाचा ताण उतरतो व झोप लागते.

३. हुर्राक-फेणीचा आधार घेऊ नका. दारूने संयम सुटतो आणि शक्तीही घटते.

४. जबरदस्ती कधीही नको, लग्नाच्या जोडीदारावरही नको. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात लैंगिक छळाचाही समावेश आहे. बाळंतपणानंतर साधारण सहा आठवडे तरी थांबा. पुढे पत्नीची तयारी आणि डॉक्टरांचा सल्ला पाहा.

५. इच्छाच नाहीशी झाली तर रागावू नका. मधुमेह, मनाची उदासी किंवा रक्तदाबाची काही औषधे यांमुळेही तसे होते. डॉक्टरांना सांगा, पण औषध आपल्या मनाने बंद करू नका.

संत पौलाने करिंथकरांस पाठविलेल्या पहिल्या पत्राच्या ७ व्या अध्यायात पती-पत्नींना सल्ला दिला आहे: दूर राहायचे तर दोघांच्या संमतीने, काही काळापुरते, आणि मग पुन्हा एकत्र यावे. खाजनातली मानस भरतीला मिटते व ओहोटीला उघडते, म्हणून बांध टिकतो. संयमाचेही तसेच आहे.

मन फारच जड झाले तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो फुकट आहे. मदत मागण्यात लाज कसली?