धोक्याची खबर देणारं प्रथिन

मोटारसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलेला तरुण रुग्णालयात येतो. कातडी कुठे फाटलेली नाही, जखमेत माती गेलेली नाही, रक्ताच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत. तरीही दुसऱ्या दिवशी मांडी टरटरून सुजते, अंगात ताप भरतो, पांढऱ्या पेशींची संख्या चढते. मार फार मोठा असेल तर फुप्फुसं आणि मूत्रपिंडंही संकटात येतात. जंतुसंसर्ग झाल्यावर शरीर जसं वागतं, हुबेहूब तसंच. मग जंतू नसताना प्रतिकारयंत्रणेला जागं केलं कुणी?

या प्रश्नाचं उत्तर बराच काळ नीट देता येत नव्हतं, कारण प्रतिकारशास्त्राची मांडणीच वेगळी होती. शरीर ‘आपलं’ आणि ‘परकं’ ओळखतं आणि परक्यावर तुटून पडतं, असं पाठ्यपुस्तकं शिकवत. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे चार्ल्स जेनवे यांनी १९८९ साली त्यात भर घातली. जंतूंच्या अंगावरच्या ठरावीक खुणा ओळखणारी जन्मजात यंत्रणा आपल्याकडे असली पाहिजे, असं ते म्हणाले, आणि ते बरोबर निघालं. पण मोडलेल्या हाडाचं कोडं त्यानेही सुटेना.

पॉली मॅट्झिंगर यांनी हा प्रश्न उलट्या बाजूने धरला. कॅलिफोर्नियातल्या एका बारमध्ये काम करत असताना तिथे येणाऱ्या एका प्राध्यापकाने त्यांना विज्ञानाकडे वळवलं होतं. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असताना, १९९४ साली, त्यांनी विचारलं: परकं ते शत्रू असेल, तर आई पोटातल्या गर्भाला का नाकारत नाही? रोजच्या जेवणावर शरीर का तुटून पडत नाही? त्यांचं म्हणणं असं की, यंत्रणेला काळजी परक्याची नसते, नुकसानाची असते. पेशी अवेळी फुटली की तिच्यातूनच धोक्याचा इशारा बाहेर पडतो. बऱ्याच तज्ज्ञांनी या कल्पनेला विरोध केला. आणि विरोधकांचा एक मुद्दा रास्त होता. इशारा असेल, तर तो देणारा रेणू दाखवा.

तो रेणू त्याआधी वीस वर्षांहून अधिक काळ प्रयोगशाळांत पडून होता. १९७३ साली लंडनमध्ये अर्नेस्ट जॉन्स आणि ग्रॅहॅम गुडविन यांनी वासराच्या थायमस ग्रंथीतून काही प्रथिनं वेगळी केली होती. त्यांतल्याच एकाला आज एचएमजीबी-१ म्हणतात. २१५ अमिनो आम्लांची ही साखळी. ती पेशीच्या केंद्रकात राहते आणि डीएनएला बाक देते, म्हणजे जनुकं वाचणाऱ्या इतर प्रथिनांना तिथे नीट बसता येतं. काम साधं वाटतं, पण त्याच्यावाचून चालत नाही. हे प्रथिन तयारच होणार नाही असे उंदीर १९९९ साली जन्माला घातले गेले, तेव्हा रक्तातली साखर घसरून ती पिल्लं जन्मानंतर दिवसभरात मेली.

त्याच वर्षी या प्रथिनाचा दुसरा चेहरा समोर आला. त्याची पार्श्वभूमी एका मृत्यूची आहे. १९८५ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात उकळत्या पाण्याने भाजलेली अकरा महिन्यांची मुलगी दाखल झाली. भाजलेल्या जखमा भरत आल्या होत्या, तरी ती सेप्टिक शॉकने गेली. तिच्यावर उपचार करणारे तरुण शल्यविशारद केव्हिन ट्रेसी यांनी पुढे याच प्रश्नाला आयुष्य वाहिलं. माणूस जंतूंनी मरतो की स्वतःच्या शरीराने पेटवलेल्या दाहाने? त्या काळात सगळ्यांचं लक्ष टीएनएफ या दाहक रेणूवर होतं. बॅबून माकडांना आधीच टीएनएफविरोधी प्रतिपिंडं दिली, तर ती घातक संसर्गातूनही वाचत. माणसांच्या सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गातून उसळणाऱ्या जीवघेण्या दाहात, मात्र हा उपाय लागू पडला नाही.

कारण वेळेत होतं. प्राण्यांमध्ये टीएनएफ दीड तासात उसळतं आणि लवकरच ओसरतं. अतिदक्षता विभागात पोचणारा रुग्ण तोवर कित्येक तास, कधी कित्येक दिवस आजारी असतो. ज्या रेणूला अडवायचं, तो केव्हाच येऊन गेलेला असतो. म्हणून ट्रेसी आणि हायचाव वांग यांनी उशिरा येणारा रेणू शोधायला घेतला. सापडला तो अमिनो आम्लांच्या क्रमावरून ओळखीचाच निघाला: केंद्रकातला एचएमजीबी-१. जिवाणूंचं विष दिलेल्या उंदरांच्या रक्तात तो आठ तासांनी चढू लागला आणि दुसऱ्या दिवशीही टिकून होता. त्याला अडवणारी प्रतिपिंडं दिली, तर उंदीर जगले. २००४ साली याच गटाने दाखवलं की, आतड्याला भोक पडून सेप्सिस झालेल्या उंदरांवर चोवीस तास उशिरा उपचार सुरू केला, तरी पुष्कळ वाचतात. अतिदक्षता विभागात काम केलेल्या कुणालाही या चोवीस तासांची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

मात्र माणसांमधलं चित्र इतकं स्वच्छ नाही. सेप्सिसच्या रुग्णांमध्ये हे प्रथिन वाढलेलं आढळतं आणि बरेच दिवस वाढलेलं राहतं, पण कोण जगेल आणि कोण दगावेल, हे त्यावरून भरवशाने सांगता येत नाही.

मोडलेल्या हाडाच्या कोड्याचं उत्तर २००२ साली मिळालं. पाओला स्काफिदी, टॉम मिस्टेली आणि मार्को बियांकी यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की, मार लागून किंवा रक्तपुरवठा तुटून पेशी फुटली, तर एचएमजीबी-१ लगेच बाहेर सांडतं आणि आसपासच्या पांढऱ्या पेशी खवळतात. शरीराच्या शिस्तीने, ठरवून मरणारी पेशी मात्र ते केंद्रकात घट्ट धरून ठेवते. आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी अशा शिस्तीने मरतात आणि कुठेही सूज येत नाही, ती त्यामुळेच. एखाद्याच्या कपाटातले दागिने रस्त्यावर विखुरलेले दिसले, तर घरात काहीतरी भयंकर घडलंय हे शेजाऱ्यांना सांगावं लागत नाही, तसंच हे. मोठ्या अपघातातल्या जखमींच्या रक्तात हे प्रथिन तासाभराच्या आत वाढलेलं सापडलं आहे.

बाहेर पडायची दुसरीही वाट आहे. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी स्वतः न फुटता, ठरवून हे प्रथिन बाहेर सोडतात. म्हणजे एकच रेणू कधी अपघाताची खबर असतो, तर कधी लढाईचा हुकूम. पेशींच्या अंगावरचे टीएलआर-४ आणि रेज हे ग्राहक ती खबर घेतात, आणि मग टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ अशा दाहक रेणूंचा लोंढा सुटतो.

खरा घात इथून सुरू होतो. ऱ्हुमॅटॉइड संधिवात घ्या. दर हजार प्रौढांमागे साधारण पाच ते दहा जणांना तो गाठतो, त्यात स्त्रिया दुपटीहून अधिक. सुजलेल्या गुडघ्यातून काढलेल्या पाण्यात एचएमजीबी-१ भरपूर सापडतं. स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या संशोधकांनी २००३ साली ते निरोगी उंदरांच्या सांध्यात टोचलं, तर सांधे सुजले. सुजलेल्या सांध्यात प्राणवायू कमी पडतो, त्यामुळे पेशी आणखी एचएमजीबी-१ सोडतात, त्यातून आणखी टीएनएफ, आणि टीएनएफमुळे पुन्हा एचएमजीबी-१. मूळ ठिणगी कधीच विझलेली असते, पण हे चक्र स्वतःच्या जोरावर फिरत राहतं आणि वर्षानुवर्षं कूर्चा, हाड कुरतडत जातं. ल्युपस या स्वयंप्रतिकार आजारात हे प्रथिन फुटलेल्या पेशींच्या डीएनएला चिकटून राहतं आणि स्वतःच्याच डीएनएविरुद्ध शरीराला भडकवायला हातभार लावतं.

मग हे प्रथिन सरसकट अडवून टाकावं का? इथेच घाई नडते. एचएमजीबी-१ मध्ये गंधक असलेली तीन सिस्टिन आम्लं आहेत, आणि त्यांची रासायनिक अवस्था बदलली की प्रथिनाचं वागणं बदलतं. एका रूपात ते दुरुस्तीसाठी पेशींना बोलावतं. दोन सिस्टिनांमध्ये बंध तयार झाला की ते दाह पेटवतं. पुरतं ऑक्सिडीकरण झालं की गप्प होतं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांना हे प्रथिन दिलं, तेव्हा मोडलेली हाडं आणि दुखावलेले स्नायू लवकर भरून आले. दुखापतीच्या दोन आठवडे आधी दिलं तरीही. जे सांध्याला छळतं तेच हाड सांधायला मदत करतं, त्यामुळे आंधळेपणाने त्याला संपवणं परवडणारं नाही. रक्तातल्या या रूपांची मोजणी हेही अवघड काम आहे. अपस्माराच्या रुग्णांमधल्या या रूपांविषयी २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध पुढे मागे घ्यावा लागला. या क्षेत्रातले दावे वाचताना हे लक्षात ठेवणं गरजेचं आहे.

औषधांच्या शोधात काही ओळखीची नावं भेटतात. ॲस्पिरिन शरीरात गेल्यावर त्याचं सॅलिसिलिक आम्ल होतं, आणि ते या प्रथिनाला चिकटून त्याला काही अंशी निष्प्रभ करतं, असं २०१५ साली अमेरिकेतल्या बॉइस थॉम्प्सन संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं. फ्रान्समध्ये १९२० च्या दशकाअखेरीपासून संधिवातावर सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं दिली जात. हे क्षार एचएमजीबी-१ ला पेशीबाहेर पडू देत नाहीत, असं स्टॉकहोममध्ये २००८ साली प्रयोगशाळेत दिसलं. (ते क्षार आणि बाजारातलं सुवर्णभस्म या वेगळ्या वस्तू आहेत.) मराठी घरांत खोकल्यावर चघळलं जाणारं ज्येष्ठमधही या यादीत आहे. त्यातलं ग्लिसऱ्हायझिन एचएमजीबी-१ ला थेट चिकटतं, हे बियांकी यांच्याच गटाने २००७ साली सिद्ध केलं. पण परीक्षानळीतली ही पकड म्हणजे सांधेदुखीवरचा उपाय नव्हे. ज्येष्ठमध रोज जास्त प्रमाणात घेतलं, तर त्याच ग्लिसऱ्हायझिनमुळे रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घसरतं.

एचएमजीबी-१ ची तपासणी सध्या संशोधनापुरतीच आहे. त्याचा एक भाऊबंद मात्र दवाखान्यात पोचला आहे. कॅलप्रोटेक्टिन हेही धोक्याचा इशारा देणारं प्रथिन. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच्या द्रवातल्या प्रथिनांपैकी निम्म्याच्या आसपास तेच असतं. आतड्याला दाह झाला की न्यूट्रोफिल आतड्यात उतरतात आणि कॅलप्रोटेक्टिन शौचात सापडतं. वारंवार पोट बिघडणाऱ्या माणसाला आतड्याचा खरा दाह आहे की इरिटेबल बॉवेल आहे, याचा अंदाज या साध्या तपासणीतून येतो आणि काहींची दुर्बीण टळते. आपल्याकडे एक पथ्य पाळायला हवं. आतड्याच्या क्षयातही हे प्रथिन वाढतं, त्यामुळे वाढलेल्या आकड्यावरून क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजाराचं निदान करून स्टेरॉइड सुरू करणं धोक्याचं ठरू शकतं.

थेट एचएमजीबी-१ वर नेम धरणारं औषध अजून नेहमीच्या उपचारात आलेलं नाही. संधिवातासाठी आज जी औषधं हाताशी आहेत, मेथोट्रेक्सेटपासून टीएनएफविरोधी इंजेक्शनांपर्यंत, ती लवकर सुरू केली तर सांधे वाचवतात. हातांचे सांधे सहा आठवड्यांहून अधिक काळ सुजलेले असतील, सकाळी उठल्यावर तासभर बोटं वळत नसतील, तर तेल चोळत, काढे पीत महिने घालवू नका. संधिवाततज्ज्ञांना लगेच दाखवा.