विमानतळावरून शहरांत : सार्वजनिक बसचा मार्ग

विमान शेंकडों कोसांचें अंतर दोन तासांत तोडतें. परंतु विमानतळावरून मुक्कामापर्यंतचे उरलेले चार-सहा कोस कसे जावें, हा प्रश्न पुष्कळांस त्याहून अवघड वाटतो. बाहेर पडतांच भाड्याच्या मोटारी दिसतात, आणि उतारू हातांतील सामानाकडे पाहून त्यांपैकीं एकींत बसतो. तेथूनच नगराची बसही सुटते, हें त्याच्या ध्यानींही येत नाहीं. आपल्या शाळेंतील कित्येक विद्यार्थी पुढें शिक्षणाच्या अथवा नोकरीच्या निमित्तानें विमानानें मुंबईस उतरतील. त्यांच्यासाठीं ही बस कशी ओळखावी व तिचें महत्त्व काय, याचा येथें थोडा विचार करूं.

मुंबईंत बस ही टाटांच्या विमानसेवेहून वडील आहे. ता. १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत पहिली बस धावली. जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर विमान उतरविलें, तें १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं. म्हणजे सहा वर्षांनंतर. बस चालविणारी कंपनी ७ ऑगस्ट १९४७ रोजीं मुंबईच्या महापालिकेनें आपल्या ताब्यांत घेतली, व तेव्हांपासून 'बेस्ट' ही नगरवासीयांच्या मालकीची संस्था झाली.

आतां प्रत्यक्ष प्रवासाकडे वळूं. पहिली गोष्ट, आपण कोठें उतरलों हें नीट जाणून घ्यावें. छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ नांवानें एक असला, तरी त्याच्या उतारूंच्या इमारती दोन आहेत. पहिली, टर्मिनल १, विलेपार्ल्याच्या बाजूस असून तेथें देशांतील विमानें येतात. दुसरी, टर्मिनल २, सहार येथें आहे; २०१४ सालीं सुरू झालेल्या या इमारतींत परदेशचीं व देशांतील, दोन्ही विमानें येतात. दोहोंमधील रस्त्याचें अंतर कांहीं किलोमीटरांचें आहे. पहिलीस विलेपार्लें व दुसरीस अंधेरी हें पश्चिम रेल्वेचें स्थानक जवळ पडतें. म्हणून बसनें स्थानकापर्यंत जाऊन पुढें लोकल गाडी धरणें, हा दूर जाणाऱ्यास सोईचा मार्ग होय.

दुसरी गोष्ट, बसच्या कपाळावरील आकडा वाचावयास शिकावें. हा आकडा उगीच घातलेला नसतो. साधारणपणें दोनशेंच्या घरांतील गाड्या पश्चिम उपनगरांत, तीनशेंच्या पूर्व उपनगरांत, चारशेंच्या या दोन्ही उपनगरांस जोडणाऱ्या, आणि पांचशेंच्या नवी मुंबईकडे जाणाऱ्या असतात. आकड्याबरोबर 'मर्यादित' असें लिहिलें असेल, तर ती गाडी लहान थांबे वगळून जाते, हें ध्यानांत ठेवावें. नाहीं तर उतरण्याचें ठिकाण डोळ्यांदेखत मागें पडतें. थांबा कोठें आहे हें समजलें नाहीं, तर आवारांतील एकाद्या झाडूवाल्यास अथवा पहारेकऱ्यास विचारावें. त्यास तें अचूक ठाऊक असतें, कारण तो स्वतः बसनें घरीं जाणारा असतो.

तिसरी गोष्ट भाड्याची. मे २०२५ पासून साध्या बसचें किमान भाडें दहा रुपये व वातानुकूलित बसचें बारा रुपये झालें. त्यापूर्वीं, २०१९ पासून, साध्या बसचें किमान भाडें पांच रुपये होतें. भाडें दुप्पट झालें हें खरें; तरीही भाड्याच्या मोटारीशीं त्याची तुलनाच होऊं शकत नाहीं.

या प्रवासाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दोन जड पेट्या, लहान मूल अथवा आजारी माणूस बरोबर असेल, तर सकाळसंध्याकाळच्या गर्दींत बसचा आग्रह धरूं नये. शिवाय २०२४ व २०२५ या सालांत टप्प्याटप्प्यानें सुरू झालेल्या भुयारी मेट्रोचीं स्थानकें दोन्ही इमारतींजवळ असल्यामुळें, थेट चर्चगेट अथवा कफ परेडकडे जाणाऱ्यास तोच मार्ग अधिक शीघ्र होय. परंतु मेट्रो एकाच रेषेवरून धावते. आसपासच्या वस्त्यांच्या आडवाटांस पोंचणारी ती बसच.

आतां एक प्रश्न विद्यार्थ्यांनीं मनाशीं विचारावा. ज्यास मोटारीचें भाडें सहज परवडतें, त्यानें बसमध्यें कां बसावें? उत्तर त्या थांब्यावरील रांगेंतच उभें असतें. विमानतळ केवळ वैमानिकांवर चालत नाहीं. फरशी पुसणाऱ्या बाया, सामान वाहणारे हमाल, उपाहारगृहांतील पोरें, रात्रपाळीचे पहारेकरी अशा असंख्य हातांवर तो चालतो. आणि यांतील अनेकांस बसवांचून गत्यंतर नसतें. २०१० च्या सुमारास बेस्टजवळ चार हजारांहून अधिक बसगाड्या होत्या. २०२५ सालीं ती संख्या तीन हजारांच्याही खालीं आली, व उरलेल्यांपैकीं बहुतेक कंत्राटदारांच्या आहेत. गाड्या कमी झाल्या कीं थांब्यावरील खोळंबा वाढतो. खोळंबा वाढला कीं ज्यांस दुसरा उपाय आहे ते बस सोडून जातात. ते गेले कीं उत्पन्न घटतें, व बससाठीं गाऱ्हाणें घालणारा आवाजही क्षीण होतो. शेवटीं राहतात ते निरुपायी लोक. त्यांची तक्रार कोण ऐकतो?

विहिरीचें पाणी उपसलें जात असेल तोंवरच गांव ती विहीर साफ ठेवतो. सार्वजनिक बसचेंही तसेंच आहे. आपलें सामान हलकें असेल व हातीं अर्धा तास मोकळा असेल, तेव्हां या रांगेंत उभें राहावें. वृद्धांस व स्त्रियांस त्यांच्या राखीव जागा द्याव्या, पेटी वाटेंतून बाजूस घ्यावी, आणि सुटे पैसे हातांत तयार ठेवावे. पाळी संपवून घरीं निघालेली एकादी बाई शेजारीं बसेल. आपण ज्या स्वच्छ फरशीवरून चालत बाहेर आलों, ती कदाचित् तिनेंच पुसलेली असेल.