उखडलेले डांबर पुन्हा रस्त्यात कसे वापरतात?

डांबरी रस्त्यावर थरावर थर चढवत गेले, की रस्ता उंच होतो आणि पावसाचे पाणी कडेच्या घरांत शिरते. म्हणून जुना थर आधी मिलिंग यंत्राने खरवडतात.

खरवडलेल्या मालाचे काय?
त्यात वजनाने सुमारे ९५ टक्के खडी आणि बारीक कच, तर ५ टक्के डांबर असते. हॉटमिक्स प्लांटमध्ये तो नव्या मालात मिसळला, की नवी खडी आणि डांबर दोन्ही कमी लागतात.

अडचण कुठे?
ऊन-हवेने जुने डांबर कडक, ठिसूळ होते. प्रमाण चुकले, तर नव्या रस्त्याला लवकर भेगा पडतात. म्हणून माल चाळून, तपासून त्यात मऊ प्रतीचे डांबर किंवा ठिसूळपणा कमी करणारे रसायन घालतात. ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ची ‘आयआरसी १२०’ ही मार्गदर्शिका २०१५ पासून यासाठीच आहे. बचत टिकते ती या तपासणीवरच.