कोड आला म्हणजे इंजेक्टर गेला असं नसतं

भर पावसात चिल्हार फाट्याहून बोईसरकडे येताना गाडी मिसिंग करू लागते, पिकअप जातो, डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजात स्कॅनरवर ‘पी-०२०१’ उमटतं आणि निकाल लागतो: पहिल्या सिलिंडरचा इंजेक्टर गेला, नवा टाका. खिशाला सर्वांत मोठी चाट लावणारा गैरसमज हाच.

कोड सांगतो ते इतकंच, की पहिल्या इंजेक्टरच्या सर्किटमध्ये बिघाड आहे. त्या सर्किटमध्ये इंजेक्टर येतो तशी वायर येते, कपलर येतो, ईसीएमची, म्हणजे इंजिनच्या कंट्रोल युनिटची, पिनही येते. कुठला दुवा तुटलाय हे मीटरनेच शोधावं लागतं.

त्यात इथली हवा वायरिंगच्या मुळावर उठलेली. सातपाटी-चिंचणीकडची खारी हवा, वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, त्यात एमआयडीसीच्या रासायनिक कारखान्यांच्या परिसरात हवेत आम्लाचा अंश असला तर पाहायलाच नको. कपलरचं रबरी सील फाटलं की तांब्यावर हिरवट भुकटी धरते. म्हणून आधी कपलर उघडून नीट बघावा. साध्या पेट्रोल एमपीएफआय गाडीत इंजेक्टरच्या दोन पिनांमध्ये साधारण ११ ते १६ ओहम मिळाले, तर त्याची कॉइल शाबूत असते. मग चावी फिरवून कपलरच्या एका वायरवर बॅटरीइतके व्होल्ट येतात का ते पाहायचं. दुसरी वायर ईसीएम क्षणोक्षणी अर्थ करतो. स्टार्टर मारताना कपलरला लावलेला एलईडी टेस्टर लुकलुकला नाही, तर दोष वायरिंगमध्ये किंवा ईसीएममध्ये. चारही इंजेक्टर एकदम बंद पडले असतील, तर एकेक तपासत बसण्याआधी फ्यूज, मेन रिले, ईसीएमची अर्थिंग आणि क्रँक सेन्सर पाहावा.

‘मीटरचा बीप वाजला, म्हणजे वायर चांगली’ हीसुद्धा खात्री फसवी. गंजलेल्या जोडात ०.४ ओहम रोध असला तरी बीप वाजतोच. पण फ्युएल पंप ५ अँपिअर खेचू लागला, की तिथेच २ व्होल्ट गळतात आणि पंपाला १४ऐवजी १२च मिळतात. हे पकडायचं तर पंप चालू असतानाच त्या जोडाच्या दोन्ही बाजूंना मीटर लावून व्होल्टेज ड्रॉप मोजायचा. बंद गाडीत हा दोष दिसतच नाही.

बॅटरीची वायर काढून दिवा विझवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. कोडसोबत फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. बिघाडाच्या क्षणी आरपीएम किती, इंजिन किती तापलेलं, ही नोंद त्यात असते. अधूनमधून येणाऱ्या दोषात तोच एकमेव धागा असतो. दिवा लुकलुकत असेल, तर मात्र गाडी दामटू नये: न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि कन्व्हर्टर जळतो.

वायरीत टाचणी खुपसून तपासण्याची सवयही सोडायला हवी. त्या भोकातून खारी ओल आत शिरते आणि काही महिन्यांनी वायर आतून सडते. कपलरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून तेच मोजमाप घेता येतं.

कॉमन रेल डिझेलला मात्र यातलं काहीच जसंच्या तसं लावू नये. तिथे इंजेक्टरला साठ-सत्तर व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त मिळतात आणि रेलमधला दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो. चालू इंजिनवर तिथे हात घालणं जिवावर बेतू शकतं.