मीठ सांगणारा माणूस

हलीममध्ये मीठ बरोबर पडलंय की नाही, हे सांगायला रमजानात एक बिनरोज्याचा माणूस लागतो. देगलूरच्या स्टँडजवळ चहा पिताना हे मी पहिल्यांदा ऐकलं. शेजारच्या बाकावर कुणीतरी आपल्या भाच्याबद्दल सांगत होतं, "हैदराबादला असतो, रमजानभर मीठ चाखायला." बाकीचे हसले. माझ्या डोक्यातून मात्र ती नोकरी जाईना. पुढच्या रमजानात त्या भाच्याचा नंबर मिळवला आणि हैदराबादची बस धरली.

चारमिनारकडून मदिना चौकाकडे जाताना पत्थरगट्टीच्या मागे गल्ल्यांचं जाळं आहे. त्यातल्याच एका गल्लीत, हॉटेलच्या मागच्या अंगणात, विटा-मातीच्या तीन भट्ट्या महिन्यापुरत्या बांधल्या होत्या. प्रत्येक भट्टीत एकेक डेग गळ्यापर्यंत बसवलेली. पहाटेची सहरी आटोपली की लाकूड पेटतं आणि संध्याकाळी चार-साडेचारला पहिली वाटी विकली जाते. "बारा घंटे. एक मिनट कम नक्को," तिथले मुख्य आचारी, उस्ताद, म्हणाले. दिवसभरात हे "बारा घंटे" मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलं की शेवटी त्यांच्या आधी मीच म्हणायला लागलो.

बारा तासांतलं बरंचसं काम कुठल्याही मोठ्या स्वयंपाकासारखंच. रात्री भिजवलेला गहू, डाळी, मटण, आलं-लसूण, हिरवी मिरची, शहाजिरं आणि कबाबचिनी. मटण शिजून सुटलं की हाडं वेचून काढायची आणि मग गहू-मांस एका डेगीत. इथवर पाहुण्याने बघण्यासारखं फार काही नसतं. खरी गोष्ट दुपारी एकनंतर सुरू होते.

चौघे जण दोन जोड्यांनी डेगीभोवती उभे राहतात. हातात मुसळापेक्षा लांब, खाली जाड लाकडी घोटणी. एकाची खाली गेली की समोरच्याची वर. पहिली दहा मिनिटं नुसता चपचप आवाज, मग हळूहळू तो जड होत जातो. घरी पुरण आटत आल्यावर पळी जशी हात ओढून धरते, तसंच इथंही. फरक एवढाच की इथं डेग माणसाच्या छातीला लागते आणि खाली जाळ असतो. घोटणी वर काढली की टोकाला मांसाचे बारीक धागे लोंबतात. उस्ताद बघतात ते हेच धागे. फार जाड म्हणजे अजून घोटायचं; अजिबात दिसले नाहीत म्हणजे बिघडलं. मधली अवस्था बोटांनी दाखवतात, शब्दात सांगत नाहीत. ताज्या तुपाचा, पुदिन्याचा आणि ओल्या लाकडाच्या धुराचा मिळून एक वास त्या अंगणात भरलेला असतो. परतल्यावर दोन धुण्यांनंतरही तो माझ्या शर्टाला होता.

चौघांपैकी तिघांचा रोजा. सर्वांत वयस्क, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, ते वीसेक मिनिटांनी घोटणी दुसऱ्याकडे देऊन भिंतीला टेकायचे, गमछा ओला करून मानेवर टाकायचे. ओठ पांढरे पडलेले. पाण्याचा नळ त्यांच्या पायापासून हातभरावर. मी फार वेळ तिकडेच बघत राहिलो हे त्यांच्या लक्षात आलं असावं. "ये तो मार्च है साब," ते म्हणाले, "मई देखना था."

त्यात अतिशयोक्ती नाही. हिजरी वर्ष चंद्राचं, 354 दिवसांचं. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी सरकतो. 2018 आणि 2019 साली तो मे महिन्यात सुरू झाला होता. तेव्हा हैदराबादेत रोजा साडेचौदा तासांच्या आसपास, आणि वर ऊन. 2025 साली तो मार्चच्या सुरुवातीला आला, रोजा तेरा तासांचा. अजून काही वर्षं तो थंडीत राहील. 2030 साली तर इंग्रजी वर्षाच्या जानेवारीत एकदा आणि डिसेंबरात एकदा असे दोन रमजान लागतील. आपल्याकडे तिथी सरकते तशी अधिक महिना तिला ओढून जागेवर आणतो. इथं तसं काही नाही. भट्टीवाल्याला सगळे ऋतू बघावे लागतात.

मिठाची वेळ आली ती तीनच्या सुमाराला. उस्तादांनी वाफेवर नाक धरलं, डोळे मिटले, मग हाक मारली, "देगलूर, इधर आ रे." त्या भाच्याचं नाव तिथं कुणी घेत नाही, सगळे गावाच्याच नावाने हाक मारतात. तो आला, पळीतलं हलीम तळहाताच्या खोलगट भागावर घेतलं, फुंकलं, चाटलं. तोंड वाकडं नाही, मान डोलावणं नाही. "मूठभर," एवढंच म्हणाला. उस्तादांनी विचारलंसुद्धा नाही, नक्की का म्हणून. मूठभर मीठ टाकलं आणि घोटणं पुन्हा सुरू. शे-दीडशे माणसांचं जेवण त्या एका शब्दावर गेलं.

मी नंतर उस्तादांना विचारलं की रोज्यात स्वयंपाक्याला जिभेच्या टोकावर चव घेऊन थुंकायची मुभा आहे म्हणतात ना? "है. गरज हो तो चलता बोलते आलिम लोगां." थोडं थांबून म्हणाले, "मेरा दिल नई मानता. और ये है ना."

हा "ये" देगलूर तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. मराठी, तेलुगू आणि दखनी या तिन्ही भाषा एका दमात बोलतो. पगार विचारला तर हसला, तूर विकून बापाच्या हाती जे उरतं त्यापेक्षा बरं म्हणाला. दुपारचं जेवण तो कोळशाच्या खोलीमागे जाऊन उरकतो. कुणी सांगितलं का तसं? "नाही हो, दादा. चाचा समोर असताना घास नाही उतरत." बाहेरचा एखादा पाहुणा आला असता तर त्याने इथं दोन धर्मांच्या ऐक्यावर चार ओळी लिहिल्या असत्या. देगलूरला विचाराल तर तो सांगेल, ही नोकरी आहे आणि महिनाभर दिवसा झोपायला मिळत नाही.

हलीम तसं हैदराबादचं मूळचं नव्हे. त्याचं मूळ असलेला अरबांचा हरीसा दहाव्या शतकातल्या बगदादच्या पाककृतींच्या पुस्तकात आहे, 'आईन-ए-अकबरी'तही आहे. निजामाच्या फौजेतले अरब हैदराबादेतल्या बारकसला राहिले, त्यांच्याकडे तो टिकला. सातव्या निजामाच्या दरबारातले मुकल्लाचे सुलतान सैफ नवाज जंग यांच्या मेजवान्यांतून तो अमीर-उमरावांत रुजला. हॉटेलात तो 1956 पासून मिळायला लागला असं मदिना हॉटेलबद्दल सांगतात. 1948 पर्यंत देगलूर, नांदेड सगळं याच संस्थानात होतं, तेव्हा आपल्याला तो अगदीच परका म्हणता येत नाही.

2010 साली हैदराबादी हलीमला भौगोलिक मानांकन मिळालं. देशात मांसाहारी पदार्थाला मिळालेलं ते पहिलं. निकष कडक आहेत: मांस बकऱ्याचंच, मांस-गव्हाचं प्रमाण दहाला चार, तूप प्रयोगशाळेत तपासलेलं, भांडं तांब्याचं, जाळ लाकडाचा, आणि वेळ? बारा तास. तोच उस्तादांचा आकडा. कागदातला आकडा डेगीचा आहे, चाचांचा नाही. चाचांचे तेरा तास होतात, कारण पहिली वाटी विकली गेल्यावरही रोजा सुटायच्या, मगरिबच्या अजानला वेळ बाकी असतो आणि गिऱ्हाईक रांगेत असतं. मानांकन मजुरीसाठी नसतं, हे मलाही कळतं. पण तुपाचा अहवाल भिंतीवर फ्रेम करून लावणाऱ्यांनी उन्हाळ्यातल्या रमजानासाठी घोटणाऱ्यांची एक पाळी वाढवली तर हलीमचं काही बिघडणार नाही.

मोठ्या स्वयंपाकघरांत आता यंत्रं आली आहेत. डेग फिरते, पाती फिरतात, चाचांची पाठ वाचते. त्याविरुद्ध मी बोलणार नाही. मे महिन्यात ती भट्टी ज्याने बघितली असेल तो बोलणारही नाही. फक्त यंत्राने धागा तुटतो आणि हलीमची खळ होते हे उस्तादांचं म्हणणं मला चवीपुरतं पटलं. दोन्ही खाऊन बघितली.

तेव्हा रमजानात हैदराबादला गेलात तर संध्याकाळी सातच्या गर्दीत वाटी घेऊन परत फिरू नका. दुपारी दोन-अडीचला जा, मागचं अंगण बघू द्या म्हणा. बहुतेक जण दाखवतात. जिथं हाताने घोटतात तिथलं घ्या आणि चार पैसे जास्त पडले तर घासाघीस न करता द्या.