प्लॅन ३०० एमबीपीएसचा, स्पीड मात्र ९५! आधी केबल तपासा
प्लॅन ३०० एमबीपीएसचा, पण स्पीड टेस्ट ९५च्या आसपासच अडकते? कंपनीकडे तक्रार करण्याआधी मॉडेम आणि राउटरला जोडणारी लॅन केबल पाहा. तिच्यात तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोन पुरतात. १ जीबीपीएससाठी मात्र चारही लागतात. एखादी तार तुटली किंवा पिन नीट बसली नाही, की जोडणी गुपचूप १००वर उतरते.

केबलच्या आवरणावर प्रकार छापलेला असतो. 'कॅट ५ई' १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस देते, घरासाठी ती पुरेशी. नवीन घ्यायचीच तर 'कॅट ६' घ्या. 'सीसीए' लिहिलेली, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची, स्वस्त असली तरी टाळा. महागडी 'कॅट ८' घरात वायाच जाते. केबल बदलूनही आकडा हलला नाही, तर राउटरचे पोर्टच १०० एमबीपीएसचे नाही ना, ते बघा.