गवंड्याची नळी, साडेसहाशेचं इंजिन
लेखमाला ‘घरचं गॅरेज’ : भाग ९

मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग नवीन पनवेलपासून हाकेच्या अंतरावर आहे, पण दुचाकीला तिथे बंदी. त्यामुळे रविवारी पहाटे इथल्या मोटारसायकलवाल्यांची एक टोळी जुन्या महामार्गाने चौक–खोपोली करत बोरघाट गाठते, तर दुसरी कर्नाळ्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागते. नोव्हेंबर २०१८ मध्ये रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटी बाजारात आली, तेव्हापासून या टोळ्यांमध्ये दोन सिलेंडरची ६४८ सीसी इंजिनं सहज दिसू लागली. आणि त्यांच्यामागोमाग एक नवी तक्रारही ऐकू येऊ लागली. घाटात गाडी छान पळते, पण सिग्नलला थांबली की हँडल थरथरतं आणि स्लो एका जागी टिकत नाही. संशय आधी पेट्रोलवर जातो, मग प्लगवर. दोन थ्रॉटल बॉडींचा ताळमेळ बिघडला असेल, हे फार उशिरा सुचतं.

सुचणार तरी कसं? स्प्लेंडर असो, पल्सर असो की बुलेट, आपल्याकडची बहुतेक इंजिनं एका सिलेंडरची. जुळवायला दुसरं कुणी नाहीच. अपवाद होता १९८३ पासून एस्कॉर्ट्सने बनवलेल्या राजदूत ३५० चा, म्हणजे यामाहा आरडी ३५० च्या भारतीय अवताराचा. तिचे दोन कार्ब्युरेटर जुळवणारे जुने मेकॅनिक कार्ब्युरेटरच्या तोंडात बोटं घालून दोन्ही स्लाइड एकदम उचलल्या जातात का ते बघत आणि केबलचे स्क्रू फिरवत. ते कौतुकास्पद होतं खरं, पण आजच्या इंजेक्शनच्या गाडीला बोटांचा अंदाज पुरत नाही.

थ्रॉटल बॉडीत एक गोल झडप असते, तिला बटरफ्लाय म्हणतात. स्लोवर ही झडप जवळजवळ बंद असते आणि हवा केसाएवढ्या फटीतून आत जाते. एका बाजूची फट किंचित जास्त असली, तर त्या सिलेंडरला हवेचा मोठाच जादा वाटा मिळतो. मग एक सिलेंडर ओढतो आणि दुसरा मागे लोंबकळतो. मूठ पूर्ण पिळली की तेवढाच फरक नगण्य ठरतो. म्हणून घाटात काही जाणवत नाही आणि सिग्नलला मात्र गाडी कुरकुरते. दोन्ही झडपांना जोडणाऱ्या दांडीवर जुळवणीचा एक स्क्रू असतो. शिवाय बऱ्याच गाड्यांत स्लोची हवा बारीक कमी-जास्त करायला बाजूने वेगळे स्क्रूही दिलेले असतात.

फरक मोजायचा कसा? बाजारात दोन डायलचे व्हॅक्यूम गेज मिळतात. पण त्या दोन डायलांचं एकमेकांशी पटेलच असं नाही. नळ्यांची अदलाबदल करून पाहिलं की गेजचीच चूक उघडी पडते. यापेक्षा भरवशाचं साधन नवीन पनवेलच्या प्रत्येक बांधकामावर लोळत असतं : गवंड्याची लेव्हलची नळी. पारदर्शक नळीत पाणी भरून तो दोन खांबांवर एकाच उंचीची खूण करतो. सिलेंडरांसाठी तीच युक्ती लागते, कारण प्रत्येकाची खेच, म्हणजे हवा ओढताना पडणारा व्हॅक्यूम, किती हे आपल्याला कळायलाच नको; दोघांची सारखी आहे का, एवढंच हवं. एकाची खेच वातावरणाच्या दाबाच्या पाव हिस्सा जरी धरली, तरी तेवढ्याने पाणी अडीच मीटर चढेल. तेवढी उंच पट्टी घरात ठेवणार कुठे? पण दोघांमधला फरक फळीवर मावतो. १ किलोपास्कलचा फरक, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा शंभरावा हिस्सा, पाण्याऐवजी तेल भरलेल्या नळीत जवळपास १२ सेंटीमीटर दिसतो. डायलवर हाच फरक काट्याच्या जाडीत हरवतो.

मात्र गवंड्याची जाड नळी जशीच्या तशी लावू नये. आत ५ मिलिमीटर पोकळी असलेली नळी घ्यावी, फळीवर तिचा यू बांधावा आणि तळात एकूण एक मीटर लांबीचं टू-टी ऑइल भरावं. हे तेल २० मिलिलिटरच्या आसपास भरतं. इंटरसेप्टरच्या सिलेंडरमध्ये पिस्टन वर आल्यावर सुमारे ३८ मिलिलिटर जागा उरते. चुकून सगळं तेल आत खेचलं गेलं, तर निळा धूर निघेल, पण पिस्टन अडणार नाही. १० मिलिमीटरच्या नळीत तेवढीच लांबी ७८ मिलिलिटर होते, आणि द्रव दाबला जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

तेल नाचू नये म्हणून दोन्ही फाट्यांत माशांच्या टाकीला लावतात तो हवेचा छोटा व्हॉल्व्ह बसवावा आणि जवळजवळ बंद ठेवावा. नळीची टोकं दोन्ही मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमच्या निपलला जोडायची. एखाद्या निपलवर दाबाच्या सेन्सरची नळी असेल तर ती काढून टाकू नये, टी-जोड लावावा. गाडी गरम करून स्लोवर ठेवली की तेल ज्या बाजूला चढेल, त्या बाजूची खेच जास्त, म्हणजे तिची झडप जास्त बंद. स्क्रू पाव-पाव फेरा फिरवावा, दरवेळी मूठ हलकेच पिळून सोडावी आणि तेल स्थिरावू द्यावं. शेवटी ३,००० आरपीएमवरही पातळी तपासावी.

हे सगळं टॅपेट सेटिंग झाल्यावरच. व्हॉल्व्हची फट चुकलेली असताना केलेली जुळवणी म्हणजे एका चुकीला दुसरीचा टेकू. हवेने थंड होणारं इंजिन उभ्याउभ्या तापतं, म्हणून समोर टेबल फॅन हवा. इमारतीखालच्या बंदिस्त पार्किंगमध्ये तर हा उद्योग करूच नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ज्या स्क्रूवर कंपनीने रंगाचा ठिपका दिलाय, त्याला हात लावू नये. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची किंवा वॉरंटीतली गाडी सर्व्हिस सेंटरकडेच न्यावी.

काम संपल्यावर निपलवरची रबरी टोपणं परत बसवायची. उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने ती तडकतात. तडकलेलं टोपण चोरून हवा आत घेतं आणि आठवड्याभरात तीच थरथर परत येते. टोपणं स्वस्त असतात, त्यामुळे जुनी ताणून बसवण्यात अर्थ नाही. पुढच्या भागात चेन, आणि तिच्यावर ओतल्या जाणाऱ्या जुन्या इंजिन ऑइलचा हिशेब.